पुढच्या क्राऊनचे चार बोल्ट

२४ सप्टेंबर, बुधवार

माझ्या पोरीनं, अंकितानं, ही वही आणली आणि म्हणाली, "अप्पा, रोज जेवायच्या आधी दोन ओळी लिहायच्या." मी म्हटलं, सातवी पास होऊन अठ्ठेचाळीस वर्षं झाली, आता निबंध लिहू काय? तर तिची आई अंबुबाई आतनं म्हणाली, "लिवा की, हात झिजत नाही." या घरात माझं ऐकणारं कोणी नाही, म्हणून वहीला सांगतो.

मी गुरुशांत मेस्त्री. अक्कलकोट रोडला तेहतीस वर्षं गॅरेज आहे. मार्चमध्ये एका जीपच्या गिअरबॉक्सात तेल भरायचं राहिलं आणि गिअरबॉक्स भाजला. कुणाच्या हातनं राहत नाही? पण तेव्हापासून मायलेकींनी एकच धरलंय, अप्पा विसरतात. डॉक्टरकडे नेलं, डोक्याचा फोटो काढला, गोळ्या सुरू केल्या. अंकिता चिंचोळी एमआयडीसीत चांगली नोकरीला होती, डिप्लोमा झालेली. एप्रिलमध्ये ती सोडून माझ्या गॅरेजात येऊन बसली. म्हणते, शिफ्टचा कंटाळा आला. आजकालच्या पोरांना कंटाळा फार लवकर येतो.

मला सिद्धरामेश्वराच्या देवळात उभं करून कबूल करून घेतलंय, की अजून एकदा असं झालं तर मी पाना खाली ठेवायचा. केलं कबूल. होणारच नाही म्हटल्यावर कबूल करायला काय जातं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज बिरप्पा आला. धनगर गडी, वस्ती मंगळवेढ्याच्या पुढं, कर्नाटकच्या अंगाला. चारी चाकांना ताकद जाणारी मोठी पिकअप आहे त्याची. मेंढरं, कडबा, माणसं, सगळं तीच ओढते. पुण्याहून मागवलेलं एक खोकं त्यानं टेबलावर ठेवलं. पुढच्या क्राऊनला लावायचं लॉक.

पुढच्या दोन चाकांच्या मध्ये जो गोल डबा असतो, त्यात क्राऊन असतो. तो ताकद वाटून देतो. चिखलात एक चाक गुळगुळीत जागी आलं की सगळी ताकद तिकडंच जाते. ते चाक नुसतं गरगरतं आणि दुसरं ढिम्म बसतं. लॉक लावलं की बटण दाबायचं, दोन्ही चाकं एकत्र फिरतात. ती काळी जमीन मला ठाऊक आहे. पावसात चप्पल ओढून घेते पायातली.

मी म्हटलं, "बिरप्पा, एवढा खर्च कशाला? ट्रॅक्टर बोलवायचा."

तो टायरकडं बघत म्हणाला, "मेस्त्री, गेल्या साली सुनंला कळा आल्या. गाडीत घातली. ओढ्यात डावं चाक नुसतं फिरतंय, उजवं जाग्यावर. चार तास. पोर पोटातच गेलं. औंदा पुन्हा दिस भरत आल्यात. दसऱ्यानंतर चार-पाच दिसांत हाय तारीख."

मी खोकं उघडलं.

दोनदा बजावलं त्याला, डांबरी रस्त्यावर बटण दाबशील तर गाडी वळायची नाही, सरळ जाईल. "व्हय, कळलं," म्हणाला. दसऱ्याला गाडी घरी पायजेच, असंही म्हणाला. दसऱ्याला गाडीची पूजा दारात.

२८ सप्टेंबर, रविवार

क्राऊन बाहेर काढला. लॉक बसलं. आता दाताला दात नेमका लागायला पाहिजे. पातळ पत्र्याच्या चकत्या, आम्ही शिम म्हणतो, त्या एक घालायची, एक काढायची, पुन्हा बघायचं. हे काम वाचून येत नाही. अंकिता शेजारी बसून बघत होती. तिला अजून जमत नाही हे, आणि ती ते कबूल करते. एवढं एक बरं आहे.

सतराचा पाना कोणीतरी उचलून नेला. अर्धा तास शोधला. माझ्याच खिशात निघाला.

ड्रॉवरमध्ये लाल नेलपॉलिशची बाटली दिसली. अर्धी संपलेली. मी म्हटलं, गॅरेजात नटायचं कशाला? ती हसली नुसती. नखं बघितली तर कोरी. मग एवढं लावते कुठं, देव जाणे.

३० सप्टेंबर, मंगळवार

शिम जमल्या. क्राऊन जागेवर बसला. त्याच्या दोन्ही बाजूच्या बेरिंगवर टोप्या असतात, त्यांना दोन-दोन असे चार बोल्ट. हे चार बोल्ट म्हणजे क्राऊनची मानगूट. ते सुटले तर क्राऊन हलतो, दात तुटतात, पुढची चाकं जाम होतात. साठच्या वेगात जाम झाली तर मागच्या हौद्यातली माणसं कुठं जातील, सांगता येत नाही.

म्हणून ते हाताच्या अंदाजानं आवळत नाहीत. टॉर्क पाना लागतो. ठरलेल्या जोरावर आला की तो टक करतो. माझे गुरू महिपती मेस्त्री सांगायचे, टक ऐकायची, मग पिवळ्या रंगाचा ठिपका लावायचा. ठिपका नाही तर काम नाही. मी तेहतीस वर्षं तसंच करतो.

पण टॉर्क पाना हवा तेव्हा अंबूनं तो घासून पूजेच्या पाटावर मांडलासुद्धा. उद्या खंडेनवमी. एकदा हत्यार पाटावर गेलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही, हे माझ्या बापापासूनचं आहे. म्हणून चारही बोल्ट साध्या पान्यानं नुसते लागते केलेत, आवळलेले नाहीत. डब्याचं झाकण धूळ जाऊ नये म्हणून दोन बोल्टांवर टेकवून ठेवलंय. दसऱ्याला सकाळी टॉर्क पान्यानं आवळायचे, ठिपके लावायचे, मग तेल गळू नये म्हणून सीलंट लावून झाकण. लिहून ठेवतो, म्हणजे झालं.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

पूजा झाली. सगळी हत्यारं पाटावर, झेंडूची फुलं, समोर समई. अंबूनं पुरणपोळी केली. गॅरेजचं शटर खाली.

दुपारी अंकिता किल्ली घेऊन गेली. समई बघून येते म्हणाली. दोन तास लागले तिला समई बघायला. मैत्रीण भेटली असणार.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

बिरप्पा बारा वाजता येणार होता, तो सकाळी सातलाच हार घेऊन हजर. दोन रिक्षावाले, एक टेम्पोवाला पूजेला आलेले. सगळ्यांना पेढे, नारळ, गडबड. पिकअपचं झाकण बसवलेलंच होतं, सीलंट लावून, सगळे बोल्ट पक्के. तेल भरलं. बटण दाबून बघितलं. दोन्ही चाकं एकदम फिरली. बिरप्पा पहिल्यांदा हसलेला बघितला. गाडी गेली.

मस्त वाटलं आज. अंबूला म्हटलं, बघ, म्हातारा झालेला नाही मी.

३ ऑक्टोबर, शुक्रवार



सकाळी पाटावरची हत्यारं उचलून जागेवर लावत होतो. टॉर्क पाना हातात घेतला. त्याच्यावर हळद तशीच, कुंकू तसंच, फूल तसंच अडकवलेलं. म्हणजे काल मी हा पाना उचललाच नाही. पिवळ्या रंगाचा डबा उघडून बघितला. वर साय धरलेली, आठवड्याची. काडी बुडलेली नाही.

वही काढली. मंगळवारचं पान वाचलं. झाकण दोन बोल्टांवर टेकवलंय, असं माझ्याच अक्षरात आहे. आणि दसऱ्याला झाकण सीलंट लावून पक्कं होतं. मग कोणी लावलं? मीच लावलं असणार, मंगळवारी, वही लिहून झाल्यावर. बोल्ट आवळायच्या आधीच. आणि मला ते आठवत नाही. कितीही डोकं चालवलं तरी तिथं नुसतं काळं दिसतंय.

चार बोल्ट नुसते लागते आहेत. गाडी इथून मंगळवेढ्याला हायवेनं गेली. पोचली का?

खरं लिहायचं तर पहिली भीती माणसांची वाटली नाही. पहिली भीती वाटली ती माझा पाना जाईल याची. ते लिहिताना लाज वाटते, पण वहीत खोटं लिहून काय करू.

अंकितानं विचारलं, "काय झालं अप्पा? चेहरा उतरलाय." मी म्हटलं, पित्त झालंय.

आणखी एक, पान्याचं कुंकू मुठीला होतं. बाकी सगळ्या हत्यारांना डोक्याला. अंबूला म्हटलं, पूजा तरी नीट करावी. ती फणकारली, "मी कधी मुठीला लावते?" मग जरा थांबली, अंकिताच्या खोलीकडं बघितलं, आणि "साकु," म्हणाली कानडीत, "पुरे आता, जेवा," आणि ताट वाढलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

बिरप्पाला सकाळपासून अकरा वेळा फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. रस्त्यावरनं ॲम्ब्युलन्स गेली की उठून दारापर्यंत जातो. टपरीवर पेपर वाचला, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, अपघाताच्या बातम्यांसाठी. दुधनीकडं एक ट्रक उलटलाय. तो ट्रक होता, पिकअप नव्हती. माझ्या तोंडून बरं झालं असं निघालं. मग माझं मलाच वाईट वाटलं. त्या ट्रकवाल्यालाही घर असेल.

संध्याकाळी पाचला फोन लागला. बिरप्पाची बायको रंभाबाई. गाडी नीट पोचली होती. मी खुर्चीत बसलो.

"मालक मेंढराकडं गेल्यात गाडी घिऊन," म्हणाली. "लई झ्याक चालतीया. ओढ्यातनं दोनदा गेली, थांबली न्हाय. सोमवारी सुनंला घिऊन दवाखान्यात जायचं हाय."

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. गाडी उभी करा, हलवू नका. जिभेवर आलं होतं. आणि मी काय म्हणालो? "तेल गळतंय का तेवढं बघायला सांगा." भ्याड माणूस आहे मी. महिपती मेस्त्री असते तर कानाखाली वाजवली असती.

बोल्ट एकदम सुटत नाहीत. रोज थोडे थोडे सैल होतात. सोमवारी त्या गाडीत पोटुशी बाई बसणार आहे.

उद्या जातो. कुणाला सांगणार नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

टॉर्क पाना टॉवेलात गुंडाळला, सीलंटची नळी खिशात घातली. अंबूला सांगितलं, मंगळवेढ्याला ओळखीच्याकडं जातोय. सहाच्या एसटीनं निघालो. खिडकीतून समोरून येणारी प्रत्येक पिकअप बघत होतो. मंगळवेढ्यात उतरून वडापची जीप, मग तीन किलोमीटर पायी. ओढ्यात पाणी कमी होतं, चिखल मात्र घोट्याच्या वर. दोन चाकांचे खोल चर उमटलेले, दोन्ही सारखे. लॉक काम करत होतं, आणि ते बघून मला आणखीच भीती वाटली, कारण जेवढा जोर जास्त तेवढा त्या चार बोल्टांवर ताण.

वस्तीवर पोचलो तेव्हा गाडी दारात उभी, दसऱ्याचा हार वाळलेला. बिरप्पा चाकाला हात लावून काहीतरी बघत होता. सून, पूनम तिचं नाव, दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पोट पार खाली आलेलं.

बिरप्पा म्हणाला, "मेस्त्री, तुमी? हितं? चालत?"

वाटेत मी शंभर वेळा मनात म्हटलं होतं, की नुसती तपासणी करायला आलो असं सांगू. पण त्या पोरीकडं बघितलं आणि खोटं बोलायचं बळच राहिलं नाही. मी म्हटलं, "बिरप्पा, गाडी हलवू नको. आतले चार बोल्ट घट्ट करायला मी विसरलो."

रंभाबाईनं तोंडाला पदर लावला. "परवा हौद्यात धा बाया होत्या," एवढंच म्हणाली.

बिरप्पा माझ्याकडं बघत राहिला. शिवी घालेल असं वाटलं. घातली असती तर बरं वाटलं असतं. तो घरात गेला आणि घमेलं घेऊन आला, तेलासाठी.

गाडीखाली शिरलो. तेल सोडलं. झाकणाचे बोल्ट काढले. सीलंट इतकं नीट लावलेलं, की स्क्रू ड्रायव्हरनं सगळीकडून सोडवावं लागलं. मनात म्हटलं, एवढं नीट लावायचं आठवलं आणि आवळायचं नाही आठवलं? झाकण निघालं. चिंधीनं टोप्या पुसल्या.

चारही बोल्टांवर लाल रेघ होती. बोल्टावरून सरळ टोपीवर आलेली, बारीक, नखाएवढी. बोल्ट फिरला असता तर रेघ तुटली असती. एकही तुटली नव्हती.

मी टॉर्क पाना लावला. टक. दुसरा, टक. तिसरा, चौथा, टक. एकही बोल्ट केसाएवढा हलला नाही.

मी तसाच पडून राहिलो गाडीखाली. ड्रॉवरमधली बाटली आठवली. कोरी नखं आठवली. दोन तासांची समई आठवली.

"काय झालं?" बिरप्पा वाकून म्हणाला.

"बरोबर आहेत."

"मग उगं भ्यालासा की मेस्त्री. इसरला न्हवताच."

तिथंच सोडून देता आलं असतं. तो खूश होता, मीही सुटलो असतो. पण म्हटलं, "मी विसरलोच होतो. माझ्या पोरीनं केलंय. मला न सांगता."

बिरप्पा म्हणाला, "कळपातलं म्हातारं मेंढरू मागं पडाया लागलं की कुत्रं त्याच्या मागनं चालतंय. मेंढराला वाटतंय, आपुनच चाललोय."

मला मेंढरू म्हणाला. झाकण लावलं, तेल कपड्यातून गाळून पुन्हा भरलं. रंभाबाईनं भाकरी आणि ठेचा दिला. दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. बिरप्पानं मंगळवेढ्याच्या स्टँडपर्यंत सोडलं, त्याच गाडीतून. डांबरीवर बटण दाबलं नाही. मी सगळा वेळ त्याच्या हाताकडंच बघत होतो.

६ ऑक्टोबर, सोमवार

अंकिता यायच्या आधी गॅरेजात गेलो. बॅटरी घेतली आणि उभ्या गाड्यांखाली शिरलो. टेम्पोचं स्टिअरिंग मी सप्टेंबरात केलेलं. माझा पिवळा ठिपका आहे आणि शेजारी लाल रेघ. एका जीपचे मागचे बोल्ट. पिवळा ठिपका, लाल रेघ. मला राग आला. मी केलेलं काम ही पोरगी तपासते.

मग शाळेच्या व्हॅनखाली गेलो. ब्रेकचं काम मागच्या सोमवारी केलंय. तिथं पिवळा ठिपका नव्हता. नुसती लाल रेघ.

त्या व्हॅनमध्ये चौदा पोरं बसतात. फरशीवर बसून राहिलो, तेवढ्यात अंकिता आली.

मी विचारलं, "किती वेळा?"

ती खाली बसली. पर्स पण खांद्यावरून काढली नव्हती. "मोजलं नाही अप्पा."

"खरं सांग."

"सहा."

"मार्चपास्नं?"

"ऑगस्टपास्नं," ती म्हणाली. "आधी कमी होतं."

डॉक्टरनं एवढं स्पष्ट कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं, कोण जाणे.

"पूजेतला पाना उचललास? खंडेनवमीला?"

"उचलला. म्हटलं, बिरप्पा लवकर आला तर? मग पाया पडले आणि पुन्हा कुंकू लावलं."

"मुठीला लावलंस."

"घाईत होते ना." आणि रडायला लागली. तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो तर हाताला ग्रीस. ठेवला तसाच.

पाना तिच्या हातात दिला. देवळात कबूल केलं होतं, शब्द तो शब्द. ती म्हणाली, "शिम तुम्हीच लावा अप्पा. ते मला येत नाही अजून. बोल्ट मी बघते." मी म्हटलं, बघ, पण लपून नाही. माझ्यासमोर आवळ आणि माझ्यासमोर रेघ मार.

नोकरीचा कंटाळा आला होता म्हणे. आणि मी ते या वहीत लिहूनही ठेवलंय, अक्कलवान माणूस.

७ ऑक्टोबर, मंगळवार

बिरप्पाचा फोन. कळा काल पहाटेच सुरू झाल्या. ओढ्यात चिखल होता. बटण दाबलं, गाडी सरळ वर चढली, पाच मिनिटं पण लागली नाहीत. पूनमला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. फोनवर पोरीचं रडणं ऐकवलं त्यानं, कान फाटेपर्यंत. अंबूनं लगेच गूळ वाटला. नाव आरोही ठेवणार आहेत.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

एका जीपचा क्राऊन केला. शिम मी लावल्या, अंकितानं आवळलं, चार टक दोघांनी ऐकल्या. लाल रेघ तिनं मारली. मी शेजारी पिवळा ठिपका लावला, सवयीनं.

भीती जात नाही. सकाळी उठलो की आधी घरातली माणसं मोजतो, नावं म्हणतो. आज सगळी नावं आली.

संध्याकाळी अंकिताला म्हटलं, बिरप्पाचा काही फोन नाही गं. त्याच्या सुनेचं काय झालं असेल? दिवस भरले होते तिचे, माझा जीव टांगणीला लागलाय. लावू का फोन?

ती माझ्याकडं बघत राहिली. मग माझी वही आणून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "अप्पा, मागचं पान वाचा."

वाचलं. मुलगी झाली आहे. दोघी बऱ्या आहेत. अक्षर माझंच आहे.

लई आनंद झाला मला. अंबूला हाक मारून सांगितलं, तिनं पुन्हा गूळ आणला.